पोहोचायला लागणारा वेळ

३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र मिळालं. या खेपेला बारा दिवस लागले. फोन केला असता तर मी इथे ओरडले असते, शेजाऱ्यांनी भिंत वाजवली असती आणि तू तिकडून "काय? मोठ्याने बोल!" म्हणाली असतीस. एकतीस वर्षं बसच्या इंजिनाशेजारी उभी राहून तू कान घालवलेस, आणि त्याचा फायदा टपालखात्याला होतोय.

बातमी ही, की ती आली. पाच वर्षांची आहे. अजून माझी झालेली नाही. दत्तकाच्या कागदांवर शेवटची सही बाकी आहे, तोवर ती नुसती 'राहायला' आलीय, म्हणून मी तिला पाहुणी म्हणते. पुढचा एक दात पडलाय तिचा. मी दिवसभर लॅबमध्ये लोकांचे खोटे दात बनवते हे कळल्यापासून ती माझ्याकडे जरा संशयानेच बघते.

एक गोष्ट मात्र मला बघवत नाही. ती बूट घालून झोपते. पांघरुणाखाली, नाड्या घट्ट बांधून. आजवर तिची चार घरं झाली आणि चारही घरांतून कोणीतरी 'चल' म्हणून तिला उठवून नेलं. बूट काढायला गेले की पाय पोटाशी घेते.

घराची तपासणी झाली. दत्तक कचेरीतल्या बाईंचा चष्मा नाकाच्या टोकावर असतो, पण नजरेतून काही सुटत नाही. खिडक्यांचे गज हलवून पाहिले, औषधांच्या कपाटाला कुलूप आहे का ते पाहिलं. अर्ज बावीस पानी होता. सगळे रकाने भरले, एका ठिकाणी तेवढी आडवी रेघ मारली. पंधरा एप्रिलला बैठक आहे, तिथे निकाल.

बाबांना यातलं काही सांगू नकोस. लग्न न करता आणलेलं परक्याचं पोर नात म्हणून चालणार नाही, हे त्यांनी मागेच सांगितलंय. तुम्ही दोघं एका घरात राहता, उगाच तुझ्या डोक्याला ताप नको.

तुझी,
खिडकी


१६ फेब्रुवारी

चि. खिडकीस,

आशीर्वाद नंतर. आधी सांग, ती आडवी रेघ कुठे मारलीस?

विनातिकीट माणूस कसा ओळखायचा, सांगू? तो खिडकीबाहेर फार मन लावून बघत असतो. तुझं पत्र तसं बघतंय. गज, कपाट, चष्मा सगळं सांगितलंस आणि रेघ हळूच सरकवलीस. लोकांना दात करून देतेस आणि स्वतः मात्र दातखिळी बसल्यासारखी गप्प! अशा अर्जात नातेवाइकांचा रकाना असतो एवढं मला कळतं. तिथे रेघ मारलीस ना?

तुझी आई गेली तेव्हा तू आठ वर्षांची होतीस. दादा घड्याळांच्या दुकानात डोळ्याला भिंग लावून बसलेला. जगाची घड्याळं दुरुस्त करायचा, पण मुलगी शाळेत किती वाजता जाते ते त्याला माहीत नव्हतं. तुझ्या वेण्या मी घातल्या, त्याही एक वर एक खाली. दप्तरासकट तुला माझ्या बसमध्ये मागच्या खिडकीशी बसवून शाळेत सोडलं, तेव्हापासून तू खिडकी. घंटीची दोरी तुझ्या हातात दिली. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. डेपोतले मिशीवाले ड्रायव्हर तुझ्या दोन घंटींवर गाडी हलवायचे. माझं तर तिथलं नावच डबलबेल पडलं होतं. त्या गाडीची घंटी निवृत्तीच्या दिवशी डेपोने मला दिली, ती अजून माझ्या कपाटावर आहे. आणि तुझ्या अर्जात मी कोण? आडवी रेघ!

मला राग आलाय, आणि तो या पत्राने भागणार नाही.

पाहुणीचे बूट जबरदस्तीने काढू नकोस. आपला थांबा कधी येणार हे ज्याला कोणी सांगत नाही, त्याने तयारीतच बसावं. पोर शहाणी आहे.

दादाला मी सांगितलं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुला ठाऊक असताना तू मला लिहिलंसच कशाला? त्याने भिंगातून मानही वर केली नाही. म्हणाला, "मला नात नाही." मग मीही दोन शब्द जास्त बोलले. त्या दिवसापासून आमचा अबोला आहे. तसंही मला ऐकू येत नाही, त्यामुळे नुकसान त्याचंच.

तुझी आत्या (रेघ नव्हे)


१ मार्च

प्रिय आत्या,

बरं, ऐक. रकाना सतरा. 'पालकास काही झाल्यास दोन दिवसांच्या आत मुलापर्यंत पोहोचू शकेल अशी व्यक्ती. नातं. अंतर. पोहोचायला लागणारा वेळ.' खाली दोन ओळी आहेत. दोन्हींवर मी रेघ मारली.

काय लिहू मी? बाबांचं नाव लिहू? आणि तुझं लिहायचं तर कॉम्प्युटरवर दोन्ही विमानतळांमधलं अंतर पाहिलं. तेरा हजार दोनशे किलोमीटर. तू एकोणसत्तर वर्षांची आहेस. गुडघे कुरकुरतात, कान गेलेत, विमान आतून कसं दिसतं हेही तुला माहीत नाही. उद्या मी खरंच आजारी पडले आणि तुला धावत यावं लागलं, तर पाहुणीआधी तुलाच सांभाळावं लागेल. ते ओझं तुझ्या नावावर लिहायचा मला काय अधिकार?

आता सगळंच सांगते. चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, रेघ असली तरी अर्ज रद्द होत नाही, पण बाजू लंगडी पडते. दुसऱ्या शहरातलं एक जोडपं तिला न्यायला तयार आहे. त्यांच्या कुटुंबात नातेवाईकच नातेवाईक आहेत, सगळे हाकेच्या अंतरावर. म्हणजे पंधरा एप्रिलला माझं नाही जमलं तर तिचं पाचवं घर.

ती आता मला हाक मारते. नावाने नाही, नुसतं "ए". मला ते पुरतं. ते जाईल या विचाराने कामात लक्ष लागत नाही, काल एका आजोबांची वरची कवळी खालच्या साच्यावर बसवत होते.

तू यात पडू नकोस. एक घंटी देते आहे, आत्या. थांब.

खिडकी


१४ मार्च

चि. खिडकीस,

घंटी द्यायचा अधिकार कंडक्टरचा. उतारूने दोरी ओढली तर तो गुन्हा आहे, तशी पाटी गाडीत लावलेली असायची. तुला लहानपणी दिली ती लाडाने.

आता तुझे तेरा हजार दोनशे. मी रोज चार फेऱ्या करायचे, एकशे चार किलोमीटर. वर्षाचे दोनशे नव्वद दिवस, अशी एकतीस वर्षं. मांड गणित. नऊ लाख पस्तीस हजारांच्या घरात जातं. म्हणजे तू मला ज्या अंतराची भीती घालतेस, ते मी सत्तर वेळा तुडवून बसले आहे, तेही गर्दीतून वाट काढत, हातात तिकिटं आणि तोंडाने "पुढे सरका" म्हणत. मला अंतर सांगू नकोस. मला वेळ सांग.

तू सांगणार नाहीस, म्हणून मीच तिकीट एजंटकडे गेले. त्याने वेळापत्रक छापून दिलं. सुटणार सकाळी नऊ दहाला, पोहोचणार त्याच दिवशी संध्याकाळी पाच चाळीसला. साडेआठ तास! एवढ्यासाठी तू मला रेघ केलंस? माझी ड्यूटी साडेआठ तासांची असायची!

तरी म्हटलं, बसवतं का ते पाहावं. उभं राहण्याची मला सवय, बसण्याची नाही. विमानातली खुर्ची सतरा इंच रुंद असते म्हणे. मी दोन खुर्च्या भिंतीला लावल्या, मध्ये सुतळी बांधून सतरा इंच आखले, गुडघ्यांसमोर कपाट ओढून घेतलं. खिडकीच्या जागी शेजारची शिंपीणबाई बसवली. नऊ दहाला बसले, पाच चाळीसला उठले. शिंपीणबाई अकरा वाजताच माझ्या खांद्यावर घोरायला लागली, म्हणजे सहप्रवासीसुद्धा अस्सल होता. दादाला पाण्याला जायला कपाटामागून अंग चोरून जावं लागत होतं. एकदा माझ्या पायावर पाय दिला, तरी "सरक" म्हणाला नाही. इतका हट्टी माणूस मी बसमध्येही पाहिला नाही.

गुडघे दुखले. खोटं कशाला सांगू? पण उठता आलं, आणि उठून चहा मीच केला.

मग मी पुढचं पाऊल टाकलं. तुझ्या चष्मेवाल्या बाईंना परस्पर पत्र पाठवलंय. 'मुलीची आत्या-आजी हयात असून खणखणीत आहे. अंतर तेरा हजार दोनशे किलोमीटर. वेळ साडेआठ तास. रकान्यातली रेघ खोडावी.' एजंटच्या ऑफिसातल्या मुलीने टाइप करून दिलं. ती मध्येच बोट दाखवून काहीतरी सांगत होती, मला ऐकू आलं नाही. म्हटलं, तू टाइप कर.

पासपोर्ट निवृत्तीच्या वर्षी काढून ठेवला होता. व्हिसासाठी दहा बोटांचे ठसे देऊन आले.

आत्या


२७ मार्च

आत्या,

काय करून ठेवलंस हे!

काल बाईंनी मला कचेरीत बोलावलं. तुझं पत्र टेबलावर होतं आणि 'साडेआठ तास' याखाली लाल रेघ. म्हणाल्या, "तेरा हजार किलोमीटर साडेआठ तासांत? असं विमान जगात आहे का? तुमच्याकडची माणसं खोटी माहिती देतात, असं मी समजू का?"

तिकिटावर सुटायची वेळ छापतात ती तिकडच्या घड्याळाची, पोहोचायची छापतात ती इकडच्या. दोन घड्याळांत साडेदहा तासांचा फरक आहे. तू संध्याकाळी पाच चाळीसला इथे उतरशील तेव्हा तुझ्या घरी दुसऱ्या दिवशीची पहाट झालेली असेल. प्रवास एकोणीस तासांचा आहे, मध्ये विमान बदलून. तुझ्या दारापासून माझ्या दारापर्यंत पंचवीस तास.

आणि खरी चीड कशाची येते माहीत आहे? पंचवीस तास लिहिले असतेस तरी चाललं असतं! अट दोन दिवसांची होती. नुसतं खरं लिहायचं होतं. पहिल्यांदा रकाना रिकामा होता, आता त्यात खोटं आहे. रिकाम्याला माफी असते, खोट्याला नसते. मला तुझा खूप राग आलाय, आणि तुझ्यावर रागावता येत नाही म्हणून आणखी राग आलाय.

घरी येऊन टेबलाशी बसले आणि रडले. पाहुणीने ते पाहिलं. आत गेली, बूट पायात होतेच, वर कोट चढवला, गुंड्या लावल्या आणि दाराशी जाऊन उभी राहिली. तिला वाटलं, रडणं झालं की निघायचं असतं. तिच्या अंगातला कोट काढायला मला तासभर लागला.

आता पुन्हा काही पाठवू नकोस, कोणाला भेटू नकोस. एक घंटी. खरंच थांब.

खिडकी


९ एप्रिल

चि. खिडकीस,

चूक माझी. शंभर टक्के माझी. सगळ्या जगाला एकच घड्याळ असतं असं मला वाटलं, कारण माझ्या डेपोत एकच होतं. एजंटकडची मुलगी बोट दाखवून हेच सांगत होती. काल जाऊन तिच्याकडून कागदावर लिहून घेतलं आणि तिची माफी मागितली.

कोटाचं वाचलं. माझ्या हुशारीपायी त्या पोरीने कोट घातला. हे मी विसरणार नाही.

आणि दादाला ठाऊक होतं! ते वेळापत्रक आठवडाभर टेबलावर पडलेलं होतं. ज्याचा जन्म काट्यांमध्ये गेला त्याने ते वाचलं नसेल? त्याला एका नजरेत कळलं असणार. पण अबोला! एक वाक्य बोलला असता तर तुझ्यावर ही वेळ आली नसती. आज मी त्याच्या दुकानात जाऊन, तिथे तीन गिऱ्हाइकं असताना, हे त्याला खडसावून सांगितलं. तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. हातातला चिमटा मात्र खाली पडला.

पण थांबायचं म्हणशील तर नाही. रिकामा रकाना चालत नाही, खोटा चालत नाही. मग तिसरं काय उरलं? व्हिसा आलाय, बारा तारखेचं तिकीट काढलंय. तुला मुद्दामच फोन करवला नाही, तू नको म्हणाली असतीस. पत्राला बारा दिवस लागतात, मला पंचवीस तास. तेव्हा हे पत्र पोहोचेल त्या दिवशी मी तुझ्याच स्वयंपाकघरात असेन. मोठ्याने वाचून दाखव, ऐकू आलं तर ऐकेन.

कालपासून पुन्हा खुर्च्या मांडल्यात. शिंपीणबाईने एकोणीस तासांना साफ नकार दिला, म्हणून शेजारी गादीची गुंडाळी ठेवली आहे. ती घोरत नाही.

दोन घंटी.

आत्या


१८ एप्रिल

दादा,

तुला मी आजवर पत्र लिहिलेलं नाही, एकाच घरात राहणाऱ्याला काय लिहायचं? आता लिहिते आहे ते शेवटपर्यंत वाच. भिंग लाव हवं तर.

विमानतळावर पर्स उघडली तर आत एक चामड्याची पिशवी निघाली. माझ्या मनगटावर माझं घड्याळ होतंच, पिशवीत दुसरं. काळ्या तबकडीचं, नवा पट्टा घातलेलं, साडेदहा तास मागे लावलेलं. सोबत चिठ्ठी, तिच्यावर तुझ्या बारीक अक्षरात एकच शब्द, 'तिथली'. अबोला तू मोडलास, दादा. एका शब्दाने मोडलास, पण पहिला तूच मोडलास, हे मी आता जन्मभर ऐकवणार आहे.

सामान तपासणाऱ्यांनी बॅगेतली बसची घंटी बाहेर काढली. हे काय, म्हणून खुणेने विचारलं. मी वाजवून दाखवली. दोनदा. रांगेतले सगळे पुढे सरकले.

एकोणीस तासांपैकी नऊ तास मी उभी होते. जेवण वाढणाऱ्या मुली बसा बसा म्हणत होत्या. विमान हिंदकळलं तेव्हा सगळे खुर्चीचे हात घट्ट धरून बसले, मी मधल्या वाटेत काही न धरता उभी! शेवटी त्यांच्यातली मोठी आली आणि मला दोन्ही खांदे धरून बसवलं. तिचंही बरोबर आहे, गाडी तिची होती.

मी वेबिल भरलं. फेरी कुठून किती वाजता सुटली, कुठे किती वाजता लागली, सगळं, जसं रोज डेपोत भरायचे तसं. फक्त वेळेचे रकाने दोन केले, एक आपल्या घड्याळाचा, एक तुझ्या 'तिथली'चा. घराच्या दारातून पहाटे पाचला निघाले, तुझ्या लेकीच्या दारात संध्याकाळी साडेसातला उभी राहिले. हिने दार उघडलं, आधी रागावली, मग गळ्यात पडली, मग पुन्हा रागावली. पंचवीस तास, बरोबर.

बैठकीत चष्मेवाल्या बाईंनी प्रश्न कागदावर लिहून विचारले, कारण ओरडायची त्यांना लाज वाटत होती. दुभाषी तुझी लेक. ते कागद मी जपून ठेवलेत. पहिला प्रश्न, 'साडेआठ तास असं खोटं का लिहिलं?' मी सांगितलं, "बाई, एकतीस वर्षांत माझ्या वेबिलात खाडाखोड नव्हती. ही पहिली. तास चुकले, पण येते म्हटलं होतं ते चुकलं नाही." आणि वेबिल पुढे ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. तुझं घड्याळ मागून घेतलं आणि भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. सेकंदाचा फरक नव्हता. तुझं काम, दादा.

दुसरा प्रश्न, 'तुमचं वय पाहता, गरज पडली तर पुन्हा याल?'

मी म्हटलं, "आत्ता काय ट्रिपला आलेय?"

बाई हसल्या नाहीत. चष्मा वर सरकवला आणि सही केली. मुलगी राहणार.

आता पोरीचं सांगते. पहिला सबंध दिवस ती माझ्या जवळ आली नाही. मी घंटी दाराच्या आतल्या बाजूला टांगली, दोरी बांधली आणि तिला शिकवलं, एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. तर ती आपली दोनच द्यायची. दोन घंटी, की मी खोलीभर चालायचं. पुन्हा दोन घंटी, पुन्हा चाल. एक द्यायचं नावच नाही. गुडघ्यांची पार वाट लागली, पण कंडक्टर ती होती, मी काय बोलणार?

सहीच्या दिवशी घरी आलो. तिला सांगितलं, पण तिला कळलं असं दिसलं नाही. तिने खुर्च्या एकामागे एक लावल्या. मला बसवलं, हिला बसवलं, दोन घंटी दिल्या. गाडी निघाली. बराच वेळ निघालेली होती. मी विचारलं, "कंडक्टर, आमचा थांबा कुठे?" तिने खिडकीतून बाहेर पाहिलं, मग खोलीत सगळीकडे पाहिलं, मग हिच्याकडे. आणि दोरी ओढली. एकदाच.

मग खाली बसली आणि नाड्या सोडायला लागली. गाठी घट्ट बसल्या होत्या, पण आमच्यापैकी कोणाला हात लावू दिला नाही. दोन्ही बूट काढले आणि दाराशी नेऊन ठेवले, आमच्या चपलांशेजारी. तुझी लेक तोंडावर हात दाबून उभी होती. मला स्वतःचं रडणं ऐकू येत नाही, ते बरं आहे.

तू म्हणालास, मला नात नाही. म्हण. चाळीस वर्षं तुझं 'नाही' ऐकत आलेय, मला कंडक्टरची नोकरी मिळाली तेव्हाही 'नाही'च म्हणाला होतास. तू नाही म्हणालास म्हणून काही थांबलं नाही.

रकाना सतरा आज पुन्हा भरून दिला. पहिल्या ओळीत माझं नाव, नातं, अंतर, आणि वेळ पंचवीस तास, वेबिल जोडून. हे सगळं शाईने. दुसरी ओळ रिकामी होती. एक नाव पुरतं, असं बाई म्हणाल्या. मी तरी लिहिलं. नाव तुझं. नातं, आजोबा. अंतर तेच. वेळेत दोन तास वाढवून धरलेत, कारण तू रस्त्यातल्या प्रत्येक घड्याळापाशी थांबशील.

ती ओळ पेन्सिलीने लिहिली आहे. मान्य नसेल तर खोडता येईल. फक्त ते तुला इथे येऊन, तुझ्या हाताने खोडावं लागेल. खोडरबर पोरीकडे आहे, तिच्याकडे माग.

डबलबेल